ब्रेकच्या दिवशीची मुलाकात

ऐका हो ऐका! बेसा परिसरातल्या तमाम नागरिक बंधू-भगिनींना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, जेलच्या दवाखान्यातल्या सिस्टर वनिताबाई यांनी नोकरीला लागल्यापासून प्रथमच रजा घेतली आहे. रजेचा अर्ज दिलेला नाही. कारण कळवलेलं नाही. परत कधी रुजू होणार, तेही सांगितलेलं नाही. तरी ज्यांना बीपी मोजून घ्यायचा असेल, इंजेक्शन टोचून घ्यायचं असेल किंवा फुकटात शिव्या खायच्या असतील, त्यांनी आपापली सोय पाहावी. हुकुमावरून.

कसं वाटलं, वने? मंगळवारी तुला पोचवून आलो, तेव्हापासून तोंडातून धड शब्द निघाला नव्हता. म्हटलं, एक घोषणा करून पाहावी, आवाज शाबूत आहे का. आहे. आवाजाला काही झालेलं नाही. सगळं घर बसलं आहे, आणि हा रेड्यासारखा आवाज तसाच आहे. तू म्हणायचीस, "दिन्या, तुह्या आवाजात मयत सांगतली तरी लोकायले वरात वाटते." लग्नात मंडप घालून माईक धरणाऱ्या आणि निवडणुकीत रिक्षावरून भोंगा वाजवणाऱ्या माणसाला याहून मोठं प्रशस्तिपत्र कोण देणार? तू दिलंस. मावसबहीण असून दिलंस.

कळमेश्वरला मावशीच्या अंगणात आपल्या दोघांचेही धंदे सुरू झाले, आठवतं? मी पालथ्या घमेल्यावर उभा राहून गावाला सूचना द्यायचो आणि तू बाभळीच्या काट्याने मला इंजेक्शन द्यायचीस. खरोखर टोचायचीस. मी बोंबललो की म्हणायचीस, "काहून रडतं बे, बरं व्हाचं नाही का तुले?" पुढे मी तेच करत राहिलो, तूही तेच करत राहिलीस. फरक एवढाच, की माझ्यासमोरचे लोक टाळ्या वाजवून घरी जायचे. तुझ्यासमोरच्यांना घरी जायची परवानगी नव्हती.

तुझं ते जेल कुठलं, हे मी लिहीत नाही. सगळी जेलं सारखीच असतील, असं तूच म्हणायचीस. बेस्यातून दोन बस बदलून तू जायचीस. मोठ्या फाटकातल्या लहानशा दारातून वाकून आत शिरायचीस. मोबाईल बाहेर, पर्स उघडी, डबा उघडा. भरल्या वांग्याची भाजी असली की पहारेकरी चमच्याने वांगं फोडून बघायचा. "रोज फोडते, रोज मसालाच निंगते," तू सांगायचीस, "पण गड्यानं आशा सोडली नाई." मी हसून लोळायचो. हीच गोष्ट मी निदान वीस लग्नांत सांगितली आहे. दर वेळी हशा आला.

पण तुझी खरी करामत औषधांच्या रांगेत होती. ती मी पाहिली नाही, पण तुझ्याकडून आणि ढोके हवालदाराकडून इतक्यांदा ऐकली की आता पाहिल्यासारखीच आहे. सकाळी दवाखान्याच्या ओसरीवर कैद्यांची रांग. कोणाला क्षयाची गोळी, कोणाला झोपेची, कोणाला डोकं ठिकाणावर राहण्याची. गोळी हातात द्यायची नाही, तोंडात टाकायची. वरून पाणी. मग ढोके ओरडायचा, "आ कर! जीभ वर!" कारण गोळी जिभेखाली लपवून नेली की बराकीत तिच्या बदल्यात बिडी मिळते. बिडी झाली तरी एक वेळ ठीक. काही जण साठवून ठेवतात. ढोके ओरडायचा खूप जोरात, पण बघायचा आभाळाकडे. लोकांची तोंडं बघितली की त्याला मळमळायचं. पोलादी मिशांचा सहा फुटी माणूस, आणि किडक्या दाढेला भ्यायचा! बघायचीस तू. वाकून, मान तिरपी करून. मग म्हणायचीस, "झालं." तू झालं म्हटलं की ढोके गर्जायचा, "पुढचा!"

ही सवय तू घरी घेऊन आलीस. तुझ्या लेकीला, पिंकीला, क्रोसिन दिली की "आ कर". भाऊजींना चूर्ण दिलं की "जीभ वर". बिचारे भाऊजी! जन्मभर लोकांचे कूलर दुरुस्त केले, घरात तोंड उघडलं ते फक्त तुला दाखवायला. आणि माझ्या घरच्या सत्यनारायणाला तू जे केलंस, त्याचा तर मी जाहीर सत्कार करायला हवा होता. माझ्या पोरीला मागणी घालायला धरमपेठेतली मंडळी आली होती. होणारे व्याही म्हणजे इस्त्रीचा सदरा, सोन्याची चष्म्याची काडी, बोलणं तोलून मापून. तू तीर्थ वाटत होतीस. व्याह्यांच्या हातावर पळी रिकामी केलीस, त्यांनी प्राशन केलं, आणि तू त्याच तंद्रीत म्हणालीस, "आ करा. जीभ वर."

आणि त्यांनी केली, वने! धरमपेठेच्या त्या भारदस्त माणसाने सगळ्यांसमोर आ केला, जीभ टाळ्याला लावली. तू वाकून पाहिलंस आणि म्हणालीस, "झालं." माझी बायको पदरात तोंड घालून स्वयंपाकघरात पळाली. ते गेल्यावर मी तुझ्यावर ओरडलो, तर तू मलाच समजावलंस, "अरे, ज्या घरचा माणूस एवढा निमूट तोंड उघडते, थ्या घरात पोरगी सुखात राहीन. देऊन टाक." दिली. सुखात आहे. व्याही परवा आले होते, तुझ्या फोटोसमोर बराच वेळ उभे होते.

आता आपलं भांडण. मेलीस म्हणून ते मिटलं, असं समजू नकोस.

तुझी नोकरी कंत्राटी. भरती एजन्सीमार्फत. अकरा महिन्यांचा करार, मग एक दिवसाचा ब्रेक, मग पुन्हा अकरा महिने. तो एक दिवस तू कोणाचीच कोणी नाहीस, असं कागदावर दाखवायचं. म्हणजे सलग नोकरी झाली, आता कायम करा, असं म्हणायला तुला तोंड राहू नये. इतकी वर्षं पाठोपाठ अकरा-अकरा महिने! त्याच दवाखान्यात पूर्वी कायम नोकरीतली एक सिस्टर होती, तुझ्या निम्मंही काम करत नव्हती आणि पगार तुझ्या कितीतरी पट घ्यायची. ती निवृत्त झाली, जागा रिकामी राहिली, काम तुझ्या अंगावर आलं, पगार मात्र आला नाही. तुझं मानधन दोन-दोन महिने अडकायचं. आतल्या कैद्यांची सुतारकामाची मजुरी त्यांच्या खात्यात आधी जमा व्हायची. तू म्हणालीस, "पुढच्या खेपेले गुन्हा करूनच आत जाईन मी. पगार तरी टायमावर भेटीन."

उन्हाळ्यात दवाखान्यात एक पंखा. भाऊजींनी जुना कूलर दुरुस्त करून फुकट द्यायचं म्हटलं, तर फाटकावर अडवला, आत वायर आहे म्हणे. बायकांसाठी संडास ऑफिसच्या मागे, तीन कुलपं ओलांडून. म्हणून तू सकाळी घरून निघाल्यापासून दुपारपर्यंत पाणीच प्यायची नाहीस. नागपूरच्या मे महिन्यात! जगाला "पाणी पीत जा, पाणी पीत जा" सांगणारी बाई.

आणि गिनती. जेलमध्ये दिवसातून किती वेळा माणसं मोजतात, तूच सांगायचीस. आकडा जुळला नाही की फाटक उघडत नाही; तूही आत अडकायचीस. एकदा मी फोनवर विचारलं, "तुलाही मोजतात का गं?" तू म्हणालीस, "कैद्यायले मोजते, स्टाफले मोजते. मी मधातली. मले कोणी मोजत नाही, पण गिनती जुळेपर्यंत सोडतबी नाही."

हेही मी लग्नात सांगून पाहिलं. हशा आला नाही.

मी म्हणायचो, सोड. धरमपेठेतल्या खासगी दवाखान्यात लाव वशिला, माझे व्याही आहेतच. तू म्हणायचीस, परमनंट होईल. यंदा होईल. मंत्री बोलला आहे, युनियन बोलली आहे, वकील बोलला आहे. सगळे बोलले, वने. बोलणं हा तर माझा धंदा आहे, मला त्याची किंमत ठाऊक आहे. तरी दर वर्षी तू तोंड भरून "यंदा" म्हणायचीस आणि मला खोटं का होईना, "हो" म्हणावं लागायचं.

पण माझा खरा राग त्या ब्रेकच्या दिवसावर होता. सुरुवातीला तू तो दिवस घरी काढायचीस. डोक्यावरून आंघोळ, पाटवडी-रस्सा, दुपारची झोप. मग एका वर्षी ते झालं. ब्रेकच्या दिवशी तू घरी, बदली कोणी नाही, म्हणून ढोकेने एकट्यानेच रांग चालवली. ओरडला सगळ्यांवर. पाहिलं कोणाच्याच तोंडात नाही. रांगेत एक तरुण पोरगा होता, खटला अजून सुरूही न झालेला. त्याने रांगेतल्या मागच्या-पुढच्यांनी जिभेखाली लपवलेल्या गोळ्या जमवून त्या रात्री एकदम घेतल्या. दुसऱ्या दिवशी तू नव्या करारावर रुजू झालीस, तेव्हा त्याची खाट रिकामी होती.

तुला कोणी दोष दिला नाही. देता येतच नव्हता, त्या दिवशी तू कोणीच नव्हतीस ना! पण त्यानंतर तू ब्रेकचा एकही दिवस घरी राहिली नाहीस. फुकट जायचीस. आणि आता इथे जेलच्या कारभाराला माझा दंडवत. कर्मचारी नसलेल्या बाईला आत सोडता येत नाही. मग आत कोण जाऊ शकतं? कैद्याचा नातेवाईक. म्हणून तू मुलाकातीच्या रांगेत उभी राहायला लागलीस. कोणाला भेटायचं? गोमाजीला. नातं? भाऊ.

गोमाजी म्हणजे जन्मठेपेचा म्हातारा. वर्षानुवर्षं त्याला भेटायला चिटपाखरू आलं नव्हतं. पहिल्यांदा त्याचं नाव पुकारलं तेव्हा त्याने म्हणे दाढी केली, केसांना पाणी लावून भांग पाडला आणि धावत आला. समोर तू. "जाळीतून काय पाहून राहिले? दवाखान्यात चाला, गोळीची वेळ झाली." वरचे लोक काणाडोळा करायचे, त्यांनाही फुकटची नर्स नको होती थोडीच! तू त्याला आ करायला लावलंस, जीभ पाहिलीस. तो म्हणाला, "काहून वं बाई, बहीण अशी भेटते का?"

पुढच्या वर्षी तू त्याच्यासाठी राखी नेलीस. फाटकावर धागा अडवला, तर नुसतं कुंकू लावलंस.

मी चिडलो होतो. खरंच चिडलो होतो. तुला सख्खा भाऊ नाही, जन्मभर राखी मला. आणि तू सरकारदरबारी दुसराच भाऊ दाखवतेस? तू हसलीस, इतकी हसलीस की ठसका लागला. मग गंभीर झालीस.

"मी नाई गेली तं थ्या दिवशी जीभ कोण पाहीन?"

"पाहीन कोणीतरी," मी म्हणालो.

"कोण? नाव सांग."

मी विषय बदलला, कुठल्याशा नवरदेवाचा घोडा कसा उधळला ते सांगायला लागलो. तू ऐकलंस, हसलीस, जाताना दारात पुन्हा म्हणालीस, "नाव नाई सांगतलं तू." अजूनही शोधतो आहे, वने.

गेल्या सोमवारी ब्रेक होता. उन्हाचा कहर होता, पिंकीने तुला जाऊ नको म्हटलं होतं. तू गेलीस. मुलाकातीच्या रांगेत उन्हात उभी राहिलीस. गोमाजीच्या नावाने आत गेलीस, औषधांच्या कपाटाची चावी कमरेला लावलीस, रांग सुरू केलीस. ढोके सांगतो, पंधराएक जण झाले असतील. तू वाकलीस आणि वर आलीच नाहीस. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतो, सोमवार त्याचा नव्हे. त्या अख्ख्या आवारात अशा वेळी काय करायचं हे ज्या एकट्या माणसाला ठाऊक होतं, तेच जमिनीवर पडलेलं होतं. गोमाजीने तुझं डोकं मांडीवर घेतलं आणि तो "सिस्टरले बोलवा, सिस्टरले बोलवा" म्हणून ओरडत राहिला.

मंगळवारी सकाळी तू घरी आलीस. दारात मंडप माझाच होता. बिनमाईकचा माझा पहिला मंडप.

पिंकीने मला बाजूला घेतलं. डोळे सुजलेले, पण कोरडे. "मामा, आई ड्यूटीवर असताना गेली ना? तेवढं ऑफिसच्या साहेबांकडून वदवून घ्या. एजन्सीचा विमा ड्यूटीवरच मिळतो म्हणतात. आणि विमा जाऊ द्या. ती ड्यूटीवर होती, एवढं कोणीतरी म्हणा."

जेलच्या ऑफिसातले एक साहेब हार घेऊन आले होते. माणूस वाईट नव्हता. घामाने भिजला होता, हार कुठे ठेवायचा ते त्याला कळत नव्हतं. मी त्यांना गल्लीच्या टोकाशी, निंबाच्या सावलीत नेलं.

"साहेब, वनिता ड्यूटीवर गेली."

"खूप वाईट झालं हो. पण ड्यूटीवर म्हणता येत नाही. काल त्यांचा ब्रेक होता."

"मग आत काय करत होती?"

"मुलाकात."

"कोणाची?"

त्यांनी खाली पाहिलं. "भावाची."

"साहेब, भाऊ मी आहे. मी काल दिवसभर बेस्यात बांबू गाडून राहिलो होतो."

"ते मला कळते हो दिनूभाऊ. साऱ्यांना कळते. पण मुलाकातीला आलेल्या नातेवाइकाला आम्ही ड्यूटीवर कसं दाखवायचं? अन् दाखवलं तं ब्रेक दिलाच नाही असं होते. मग त्या आधीपासून कायमच होत्या, असं होते. मग बाकीच्याही सगळ्या..." ते थांबले. रुमालाने मान पुसली. "माझी नोकरी जाईन."

मी इतकी वर्षं बोलून पोट भरलं. हजाराच्या गर्दीला हसवलं, रडवलं, उमेदवारांना निवडून आणलं. त्या निंबाखाली मला एक वाक्य सुचलं नाही, वने. पिंकी दारातून माझ्याकडे पाहत होती. मी मान हलवली. ती आत गेली.

तुझ्या जागी आलेली मुलगीही तिथेच होती. एजन्सीने आदल्या संध्याकाळीच ठरवली होती. पंचविशीची असेल, पायात नवे पांढरे बूट. तिला कपाटाची चावी घ्यायला पाठवलं होतं. चावी तुझ्या कमरेला तशीच घरी आली होती. बिचारीला मागवत नव्हतं. भाऊजींनी आपणहून चावी तिच्या हातात ठेवली, तर ती रडायला लागली. मग चावी मुठीत धरून बायकांमागे उभी राहिली.

गंगाजळाची वेळ झाली. तुळशीचं पान, तांब्याची वाटी, पळी. एकेक जण पुढे येत होता. भाऊजी, पिंकी, मी. मी पळी टाकली, तुझ्या ओठांच्या कडेनं पाणी ओघळलं ते बोटाने पुसलं. माझ्यामागे ढोके. ड्यूटीवरून थेट आलेला, पूर्ण वर्दीत, टोपी काखेत. त्याने एक पळी टाकली. मग म्हणाला, "एक गोमाजीची. त्यानं सांगतलं होतं." दुसरी टाकली.

आणि मग तो वाकला. जन्मभर ज्याने आभाळाकडे पाहिलं, तो हवालदार मान तिरपी करून तुझ्या तोंडात पाहत होता. पाहत राहिला. पाणी गालावरून खाली आलं, उशीत मुरलं. तू झालं म्हणशील म्हणून तो थांबला होता. मला माहीत आहे, कारण मीही थांबलो होतो. त्याच्यामागे चावी मुठीत घेऊन ती नवी मुलगी उभी होती.

शेवटी ढोके ताठ झाला, छाती पुढे आली, डोळे मिटले आणि अख्ख्या बेस्याला ऐकू जाईल अशा आवाजात त्याच्या तोंडून निघालं,

"पुढचा!"